निष्क्रिय अवस्थेतील अल्पसंदेश आणि पेटंट-परीक्षा : बिनतारी विद्येच्या इतिहासातील एक प्रकरण

१. विषयाचे स्वरूप

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा मोठ्या संदेशांवर खिळलेली असते. अटलांटिक महासागर ओलांडून गेलेला संकेत, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून वाहणारी चलच्चित्रे यांची नोंद सर्वत्र सापडते. परंतु ह्या विद्येतील एक जुना आणि चिवट प्रश्न अगदी लहान संदेशांचा आहे. विजेच्या मीटरने दिवसातून एकदा कळवावयाचा आकडा, शेतातील ओलावा मोजणाऱ्या उपकरणाचे माप, मनगटावरील घड्याळाने पाठवावयाची नाडीची नोंद, यांचा मजकूर मोजक्या अक्षरांचा असतो. पण तो पाठविण्यापूर्वी यंत्राला जाळ्याशी जी बोलणी करावी लागतात, ती मजकुराहून कितीतरी मोठी होतात. निरोप दोन शब्दांचा आणि दारावरची औपचारिकता घटकाभराची, अशातला हा प्रकार आहे. ह्या औपचारिकतेत बॅटरी खर्ची पडते आणि मनोऱ्यावरील केंद्राचा वेळही व्यर्थ जातो.

हा खर्च वाचविण्यासाठी पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनी-मानकांत २०२२ मध्ये एका पद्धतीस स्थान मिळाले. यंत्र ‘निष्क्रिय’ अवस्थेत असतानाच, संपूर्ण संपर्क प्रस्थापित न करता, त्याने आपला अल्पसंदेश पाठवून मोकळे व्हावे, असा तिचा आशय आहे. ह्या पद्धतीच्या निरनिराळ्या अंगांवर निरनिराळ्या देशांतील कंपन्यांनी पेटंटसाठी अर्ज केले आणि ते पेटंट कार्यालयांतील परीक्षकांपुढे आले.

प्रस्तुत निबंधाचा हेतू तंत्राचे वर्णन करण्याचा नाही. अशा अर्जांची परीक्षा ही मूलतः इतिहासविषयक परीक्षा असते, हे येथे दाखवावयाचे आहे. कोणती कल्पना कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर, कोणाला पाहता येईल अशा रीतीने नोंदली गेली, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अशा अर्जांचे भवितव्य ठरते. इतिहासाच्या अभ्यासकास ज्या दोन दोषांपासून स्वतःस जपावे लागते, तेच दोन दोष परीक्षकासही बाधतात. आणि ह्या परीक्षेत झालेल्या चुकीची किंमत अखेर सर्व समाजास मोजावी लागते. ही गोष्ट नवी नव्हे. बिनतारी विद्येच्या आरंभीच तिचा प्रत्यय आलेला आहे. म्हणून प्रथम त्या आरंभाकडे वळणे इष्ट होय.

२. परीक्षेची परंपरा आणि मार्कोनीचे पेटंट

पेटंट म्हणजे राज्याने शोधकास ठराविक मुदतीपुरता दिलेला अनन्य अधिकार. त्याच्या मोबदल्यात शोधकाने आपला शोध लोकांपुढे पूर्णपणे उघड करावयाचा असतो. हा अधिकार देण्यापूर्वी शोध खरोखर नवा आहे की नाही हे सरकारी अधिकाऱ्याने तपासून पाहावे, ही कल्पना सर्व देशांत एकाच वेळी रुजली नाही. अमेरिकेत १८३६ च्या कायद्याने अशी तपासणी सुरू झाली. जर्मनीने १८७७ च्या कायद्याने तिचा स्वीकार केला. इंग्लंडमध्ये मात्र १९०२ च्या कायद्याने तिची तरतूद झाली आणि १९०५ पासून ती अमलात आली. तीही मागील पन्नास वर्षांतील ब्रिटिश पेटंट-लेखांपुरतीच मर्यादित होती.

ह्या भेदाचा परिणाम मार्कोनीच्या सुप्रसिद्ध ‘चार साती’ पेटंटाच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. ७७७७ क्रमांकाचे हे ब्रिटिश पेटंट २६ एप्रिल १९०० ह्या तारखेचे आहे. प्रेषकाकडील दोन आणि ग्राहकाकडील दोन अशी चारही विद्युन्मंडले एकाच कंपनसंख्येवर जुळवून घ्यावी, म्हणजे एका केंद्राचा संदेश दुसऱ्यात मिसळत नाही, हे त्यातील तत्त्व होय. इंग्लंडमध्ये ते नावीन्याच्या सरकारी तपासणीवाचून मिळाले. त्याच शोधासाठी मार्कोनीने १० नोव्हेंबर १९०० रोजी अमेरिकेत अर्ज केला, तेव्हा तेथील परीक्षकाने ऑलिव्हर लॉज याचे १८९८ चे पेटंट पुढे ठेवून हरकत घेतली. दावे बदलले गेले, पुन्हा नाकारले गेले, आणि अखेर २८ जून १९०४ रोजी ७,६३,७७२ हा क्रमांक घेऊन पेटंट मंजूर झाले.

पुढील कथा अधिक बोधप्रद आहे. अमेरिकन सरकारने आपली पेटंटे विनापरवाना वापरल्याबद्दल मार्कोनी कंपनीने १९१६ मध्ये दावा लावला. त्याचा अंतिम निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २१ जून १९४३ रोजी दिला. लॉज, निकोला टेस्ला आणि जॉन स्टोन स्टोन यांच्या आधीच्या कामात मार्कोनीच्या जुळणीचे सार आलेले आहे, ह्या कारणास्तव त्या पेटंटातील वादग्रस्त दावे न्यायालयाने रद्द ठरविले. ह्या निकालाने टेस्लास बिनतारीचा जनक ठरविले, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती निराधार आहे. निकाल जुळणीच्या विशिष्ट दाव्यांपुरता होता. बिनतारीचा जनक कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, स्टोन याची कल्पना किती जुनी हे ठरविताना न्यायालयाने त्याच्या पेटंट-अर्जाबरोबरच १८९९ मध्ये त्याने एका परिचितास लिहिलेली पत्रेही विचारात घेतली. न्यायमूर्तींनी येथे जे केले ते इतिहासकाराचेच काम होते : जुनी पत्रे, त्यांवरील तारखा, त्यांतील वाक्यांचा त्या काळी होणारा अर्थ. परंतु हे काम फार उशिरा झाले. पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १९२१ मध्येच संपली होती. लॉज, मार्कोनी, टेस्ला आणि स्टोन या चौघांपैकी निकालाच्या दिवशी कोणीही हयात नव्हता. जो विचार १९०४ मध्ये परीक्षकाच्या मेजावर पूर्ण व्हावयास हवा होता, तो एकूणचाळीस वर्षांनी न्यायासनावर पूर्ण झाला. तोवर त्या विचाराचा उपयोग बहुतांशी संपलेला होता.

३. अल्पसंदेशाची पूर्वपीठिका

आता मूळ विषयाकडे येऊ. निष्क्रिय अवस्थेत अल्पसंदेश पाठविण्याची पद्धत एकाएकी जन्मास आलेली नाही. तिचे बहुतेक अवयव जुने आहेत, आणि ही वंशावळ ध्यानी घेतल्याशिवाय परीक्षकाची अडचण कळणार नाही.

पहिला टप्पा हवाई विद्यापीठातील ‘अलोहा’ जाळ्याचा. नॉर्मन अॅब्रॅमसन यांनी त्याची कल्पना १९७० मध्ये एका परिषदेत मांडली आणि १९७१ मध्ये ते जाळे चालू झाले. बेटाबेटांवर विखुरलेल्या यंत्रांनी मध्यवर्ती संगणकाकडे लहान लहान संदेश पाठवावयाचे होते. प्रत्येकाने आधी परवानगी मागावी आणि मग बोलावे, ही रीत अॅब्रॅमसन यांनी सोडून दिली. ज्याला बोलावयाचे असेल त्याने सरळ बोलावे. दोघे एकदम बोलल्यामुळे संदेश बिघडला, तर प्रत्येकाने यदृच्छेने ठरलेल्या काळापुरते थांबून तो पुन्हा पाठवावा, असा साधा नियम त्यांनी घातला. ह्या स्वैर पद्धतीत वाहिनीचा उपयोग अधिकात अधिक सुमारे १८ टक्के होतो, आणि काळाचे समान खंड पाडून खंडाच्या आरंभीच बोलण्याचे बंधन घातले तर तो सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत जातो, हे गणिताने सिद्ध झाले. परवानगी मागण्याचा खर्च आणि टकरीचा खर्च यांतील ही तुलना आजही ह्या विषयाच्या मुळाशी आहे.

दुसरा टप्पा भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाचा. दुसऱ्या पिढीच्या मानकात संभाषणासाठी स्वतंत्र वाहिनी लागे. पण यंत्र आणि जाळे यांच्यातील व्यवस्थापनाच्या बोलण्यासाठी जी वाहिनी आधीच होती, तिच्यातूनच १४० अष्टकांचा, म्हणजे सात बिटांच्या १६० अक्षरांचा, मजकूर पाठविण्याची सोय करण्यात आली. पहिला असा संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविला गेला. मजकूर लहान असेल तर त्याने व्यवस्थापनाच्या पत्राबरोबरच जावे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले.

तिसऱ्या पिढीच्या मानकात यंत्राच्या ‘संलग्न’ अवस्थेच्याच चार उपावस्था कल्पिलेल्या होत्या. त्यांपैकी एकीत यंत्रास स्वतःची वाहिनी न देता सर्वांच्या सामाईक वाहिनीवरून थोडा मजकूर पाठविता येई. दुसऱ्या दोहोंत यंत्र जवळजवळ झोपी जाई, पण जाळे त्याची ओळख विसरत नसे. चौथ्या पिढीचे मानक २००८ च्या सुमारास सिद्ध झाले, तेव्हा रचना सोपी करण्याच्या हेतूने ह्या उपावस्था काढून टाकण्यात आल्या आणि ‘विश्रांत’ व ‘संलग्न’ अशा दोनच अवस्था राहिल्या. विश्रांत यंत्रास दोन अक्षरे पाठवावयाची झाली तरी त्याने नव्याने ओळख पटवून, गुप्ततेच्या किल्ल्या ठरवून, संलग्न होणे भाग पडले.

ही अडचण मीटर आणि मापकयंत्रे जाळ्यावर येऊ लागताच जाणवली. थ्रीजीपीपी ह्या मानक-संस्थेच्या २०१६ मधील तेराव्या आवृत्तीत संपर्क ‘तहकूब’ करून पुढे ‘पुन्हा चालू’ करण्याची सोय आली. २०१८ मधील पंधराव्या आवृत्तीत दोन गोष्टी घडल्या : चौथ्या पिढीच्या अल्पशक्ती यंत्रांना प्रवेशाच्या तिसऱ्या संदेशातच मजकूर घालण्याची मुभा मिळाली, आणि पाचव्या पिढीच्या मानकात ‘निष्क्रिय’ ही तिसरी अवस्था आली, जीत यंत्र झोपलेले असते परंतु त्याची कागदपत्रे जाळ्याने जपून ठेवलेली असतात. तिसऱ्या पिढीतून हद्दपार झालेली कल्पना अशा रीतीने नव्या वेषात परत आली. २०२० मधील सोळाव्या आवृत्तीने अल्पशक्ती यंत्रांसाठी आगाऊ नेमून दिलेल्या वेळा आणि पाचव्या पिढीसाठी चार पायऱ्यांऐवजी दोन पायऱ्यांचा प्रवेश, ह्या सोयी दिल्या. डिसेंबर २०१९ मध्ये कार्यविषय म्हणून मान्य झालेली ‘निष्क्रिय अवस्थेतील अल्पसंदेश’ ही योजना २०२२ मध्ये सतराव्या आवृत्तीत पूर्ण झाली.

तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात यंत्र नेहमीच्या यदृच्छा-प्रवेशाने दार ठोठावते आणि ‘मला पुन्हा चालू करा’ ह्या विनंतीबरोबरच आपला मजकूर देऊन टाकते. दुसऱ्यात मनोऱ्याने आधीच ठरवून दिलेल्या वेळी, दार न ठोठावता, ते मजकूर ठेवून जाते. दोहोंसही अटी आहेत : मजकूर ठरलेल्या मर्यादेहून लहान असावा, मनोऱ्याचा संकेत पुरेसा बलवान मिळत असावा, आणि दुसऱ्या प्रकारात यंत्राचे कालमापन अद्याप मनोऱ्याशी जुळलेले असावे. एवढ्या विवेचनावरून हे लक्षात येईल की, मजकूर विनंतीबरोबर पाठविणे जुने, आगाऊ वेळ नेमणे जुने, झोपलेल्या यंत्राची ओळख जपणे जुने, आणि मर्यादा घालून निवड करणे तर फारच जुने. नवे असलेच तर ते ह्या अवयवांच्या जुळणीत आणि जुळणीतून उद्भवलेल्या अडचणींच्या निराकरणात आहे.

४. परीक्षकाच्या मेजावर

एक काल्पनिक अर्ज घेऊ. त्यात असा दावा आहे की, निष्क्रिय यंत्राने प्रथम मजकुराचा आकार पाहावा. तो मर्यादेत असल्यास आगाऊ नेमलेली वेळ वैध आहे काय ते तपासावे. वैध असल्यास त्या वेळी पाठवावे, नसल्यास यदृच्छा-प्रवेशाचा मार्ग धरावा. परीक्षकाने येथे दोन प्रश्न विचारावयाचे असतात. पहिला नावीन्याचा : ही सर्व अंगे एकत्र असलेला एखादा लेख अर्जाच्या तारखेपूर्वी लोकांस उपलब्ध होता काय? दुसरा कल्पकतेचा : असा लेख नसेल, तर त्या विद्येतील सामान्य जाणकारास उपलब्ध ज्ञानावरून ही जुळणी सहज सुचली असती काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केवळ जुनी पेटंटे चाळून भागत नाही. ह्या क्षेत्रातील विचार पेटंटांत प्रकट होण्यापूर्वी मानक-संस्थेच्या बैठकींत प्रकट होतो. प्रत्येक बैठकीपूर्वी सभासद-कंपन्या आपापली टिपणे पाठवितात. ती क्रमांकासह संस्थेच्या संग्रहात ठेवली जातात आणि कोणासही उघडून पाहता येतात. सतराव्या आवृत्तीच्या ऐन काळात, २०२० च्या साथीमुळे, ह्या बैठकी दूरस्थ रीतीने भरल्या आणि एरवी तोंडी होणारी पुष्कळशी चर्चा लेखी झाली. त्यामुळे ह्या योजनेचा विकास जवळजवळ आठवड्याआठवड्याने पाहता येतो. इतिहासाच्या अभ्यासकास असा दप्तरखाना क्वचितच लाभतो.

परंतु दप्तर असणे आणि ते पुरावा म्हणून ग्राह्य ठरणे, ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीच्या सभासदांना पाठविलेले टिपण ‘लोकांस उपलब्ध’ झाले असे मानावयाचे काय? यूरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील-मंडळाने १९९९ मध्ये, टी २०२/९७ ह्या प्रकरणात, असा निर्णय दिला की, मानक-बैठकीच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून सभासदांना पाठविलेल्या प्रस्तावावर सामान्यतः गुप्ततेचे बंधन नसते, म्हणून तो लोकांस उपलब्ध समजावा. ह्यानंतर २००४ च्या सुमारास त्या कार्यालयाने मानक-संस्थांची कागदपत्रे परीक्षेत पद्धतशीरपणे विचारात घेण्याचे धोरण स्वीकारले आणि ती आपल्या शोधसंग्रहात आणली. अमेरिकेतील न्यायालये मात्र अशा बाबतीत थोडा निराळा प्रश्न विचारतात : त्या विषयातील जाणकाराने वाजवी खटपट केली असती तर त्यास तो कागद सापडला असता काय? चित्रसंकेतनाच्या एका मसुद्यासंबंधीच्या खटल्यात तेथील अपील-न्यायालयाने २०१९ मध्ये हाच निकष लावला. जो कागद कोठेतरी ठेवलेला आहे पण शोधूनही सापडण्याजोगा नाही, तो समाजाच्या ज्ञानाचा भाग नव्हे, हा त्यामागील विचार इतिहासकारास सहज पटेल.

येथे तारखांचे महत्त्व विलक्षण वाढते. यूरोपात शोधकाने स्वतः केलेले प्रकाशनही, काही अपवाद वगळता, त्याच्याच अर्जाच्या आड येते. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे. साहजिकच कंपन्या बैठकीत टिपण मांडण्यापूर्वी अर्ज दाखल करण्याची घाई करतात. ब्याँगवू कांग आणि रूडी बेकर्स यांनी २०१५ मध्ये तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या मानकांचा अभ्यास प्रसिद्ध करून, बैठकीच्या अगदी आधीच्या दिवसांत अर्जांचे प्रमाण वाढते, आणि असे घाईचे अर्ज गुणवत्तेने उणे असतात, असे दाखविले. घाईत लिहिलेल्या पहिल्या अर्जात सगळे तपशील नसतात. ते बारा महिन्यांच्या अग्रक्रम-मुदतीत दुसऱ्या अर्जात घातले जातात. पण यूरोपीय कार्यालयाच्या विस्तारित मंडळाने २००१ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, जो विषय पहिल्या अर्जातून सरळ व निःसंदिग्धपणे निघतो त्यासच पहिल्या तारखेचा लाभ मिळतो. मधल्या काळात भरलेल्या बैठकीतील टिपणांत तो तपशील आला असेल, तर तेच टिपण, प्रसंगी अर्जदाराचे स्वतःचेच, त्याच्या विरुद्ध उभे राहते. आमच्या काल्पनिक अर्जात ‘नेमलेली वेळ वैध नसल्यास यदृच्छा-प्रवेशाचा मार्ग धरावा’ हे वाक्य पहिल्या अर्जात होते की दुसऱ्यात आले, एवढ्याशा गोष्टीवर सर्व निकाल फिरू शकतो.

आणखी एक गुंतागुंत आहे. अर्ज दाखल झाल्यापासून सामान्यतः अठरा महिने अप्रकाशित राहतो. एकाच बैठकीच्या तयारीत असलेल्या चार कंपन्या एकाच आठवड्यात जवळजवळ सारखे अर्ज करू शकतात आणि कोणासही दुसऱ्याचा पत्ता नसतो. यूरोपीय नियमानुसार असा आधी दाखल झालेला पण नंतर प्रसिद्ध झालेला अर्ज नावीन्याच्या परीक्षेत जमेस धरतात. कल्पकतेच्या परीक्षेत धरीत नाहीत. जो कागद कोणी पाहिलाच नव्हता त्यावरून कोणास काही सहज सुचले असते, असे म्हणता येत नाही, हा त्यातील न्याय आहे.

५. दोन दोष

परीक्षकाचा पहिला दोष म्हणजे अज्ञान. जुने माहीत नसल्यामुळे जुन्यास नवे समजणे. तिसऱ्या पिढीतील सामाईक वाहिनीची उपावस्था ज्यास ठाऊक नाही, त्यास पाचव्या पिढीतील निष्क्रिय अवस्थेचे प्रत्येक अंग अपूर्व वाटेल. शब्द बदलले की वस्तू बदलली असे वाटणे हा ह्या विद्येतील नेहमीचा सापळा आहे. प्रत्येक पिढी जुन्या कल्पनांना नवी नावे देते आणि नावाने शोध घेणाऱ्यास पूर्वज सापडत नाहीत. ह्या दोषावर उपाय आहे, आणि तो म्हणजे दप्तर. बेकर्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यूरोपीय कार्यालयाने मानक-कागदपत्रे जमेस धरावयास आरंभ केल्यावर संबंधित अर्जांच्या मंजुरीचे प्रमाण घटले, असा निष्कर्ष काढला आहे. याचा अर्थ, एरवी मंजूर झाले असते असे काही अर्ज केवळ दप्तर उघडल्यामुळे अडले.

दुसरा दोष याच्या उलट आणि अधिक सूक्ष्म आहे. तो पश्चात्बुद्धीचा. उत्तर हाती आले की प्रश्न सोपा वाटतो. २०२२ चे मानक वाचून झाल्यावर १९७१ चे अलोहा, १९९२ चा लघुसंदेश आणि २०१६ ची तहकुबी यांना एका दोऱ्यात ओवणे कोणासही जमेल. पण २०१९ मधील अभियंत्यापुढे तो दोरा नव्हता. मजकूर विनंतीबरोबर पाठवावा, ही कल्पना जुनी हे खरे. परंतु यंत्र दरम्यान दुसऱ्या मनोऱ्याच्या हद्दीत गेले असेल तर जुन्या मनोऱ्याकडील कागदपत्रे हलवावीत की तेथेच ठेवून केवळ मजकूर तिकडे पोचवावा, पाठविण्याचे काम अर्धवट असताना हद्द ओलांडली तर गुप्ततेच्या किल्ल्यांचे काय करावे, एकामागून दुसरा मजकूर उद्भवला तर झोपावे की जागे व्हावे, हे प्रश्न जुळणी करू गेल्यावरच उभे राहतात. त्यांपैकी एखाद्याचे उत्तर खरोखर कल्पक असू शकते. अवयव जुने आहेत एवढ्यावरून सर्व अर्ज फेटाळणे हा न्याय नव्हे.

मार्कोनी प्रकरणात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी आपल्या भिन्नमतपत्रात नेमका हाच इशारा दिला होता. १९४३ च्या ज्ञानाने १९०० च्या कामाकडे पाहिले तर तेव्हाचे धाडस दिसेनासे होते, आणि न्यायाधीशांचे शिक्षण त्यांना अशा कामास फारसे योग्य बनवीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बहुमताने जुन्या कागदांचा पक्ष घेतला, भिन्नमताने त्या कागदांच्या काळी लोकांना काय दिसत होते याचा. इतिहासलेखनात ह्या दोन्ही दृष्टींची गरज असते, पेटंट-परीक्षेतही असते. यूरोपीय कार्यालयाची परीक्षणपद्धती ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत परीक्षक प्रथम सर्वांत जवळचा पूर्वलेख निवडतो. त्याहून अर्जात काय वेगळे आहे ते नोंदतो. त्या वेगळेपणाने कोणती तांत्रिक अडचण सुटली ते ठरवितो. आणि मग विचारतो की, त्या दिवशी जाणकारास हे उत्तर केवळ सुचू शकले असते काय असे नव्हे, तर त्याने ते खरोखरच योजिले असते काय. ‘शकले असते’ आणि ‘केले असते’ ह्यांतील हे अंतर म्हणजे पश्चात्बुद्धीवर घातलेला लगाम होय.

६. भारतातील परिस्थिती

आपल्या देशात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालात, परदेशी कंपन्यांनी घेतलेली पेटंटे देशातील उद्योगास कशी अडवितात याची सविस्तर चिकित्सा केली होती. त्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. पुढे २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी त्यात ‘कल्पक पाऊल’ या संज्ञेची व्याख्या आली : विद्यमान ज्ञानाच्या तुलनेने तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही असावे, आणि शोध जाणकारास सहज सुचण्याजोगा नसावा. मंजुरीपूर्वी कोणासही विरोध नोंदविण्याची सोयही कायद्यात आहे. बिनतारी पद्धतींच्या अर्जांना कायद्याच्या तिसऱ्या कलमातील, केवळ संगणक-कार्यक्रम व गणनविधी यांना पेटंट नाकारणाऱ्या तरतुदीचा अडसर वारंवार येतो. परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सूचित केल्याप्रमाणे, शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ संगणकाशी संबंध आहे म्हणून तो अपात्र ठरत नाही.

ह्या परीक्षेच्या पाठीमागे किती मोठे आर्थिक वजन असते, हे त्याच न्यायालयाच्या मार्च २०२४ मधील निकालावरून दिसते. एरिक्सन आणि लाव्हा यांच्यातील वादात आठ पेटंटांचा प्रश्न होता. त्यांतील एक न्यायालयाने रद्द ठरविले, सात टिकली, आणि भारतीय कंपनीस २४४ कोटी रुपयांची भरपाई द्यावयास सांगण्यात आले. एकदा एखादी पद्धत मानकात शिरली की ती टाळून यंत्र बनविणे शक्य नसते. स्वस्त मीटर बनविणाऱ्या लहान कारखानदारास ती वापरावीच लागते, आणि तिच्यावरील पेटंट खरे असो वा नसो, त्याची किंमत त्याच्या मालात मिसळते. मानक-संस्थांनी वाजवी व भेदभावरहित दराने परवाने देण्याची अट घातली आहे; परंतु जे पेटंट मुळात द्यावयासच नको होते, त्याचा वाजवी दर शून्य आहे. तो दर न्यायालयात ठरविण्याची ऐपत लहान कारखानदारास नसते. त्याच्या वतीने हे काम कोणी करू शकत असेल, तर तो पेटंट कार्यालयातील परीक्षकच होय.

उलटपक्षी, भारतीय विद्यापीठांतील व संस्थांतील संशोधकही आता ह्या मानक-बैठकींत भाग घेतात. त्यांच्या खऱ्या कल्पकतेचे पश्चात्बुद्धीच्या परीक्षेत नुकसान होणे हेही तितकेच अहितकारक आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, निष्क्रिय अवस्थेतील अल्पसंदेशाची पद्धत ही १९७१ पासून चालत आलेल्या एका प्रश्नाची अद्ययावत मांडणी आहे, आणि तिच्यावरील बहुतेक दाव्यांचा निर्णय अवयवांच्या जुळणीवर व तारखांवर अवलंबून राहतो. दुसरी, मार्कोनीच्या पेटंटास जो विचार १९४३ मध्ये लाभला, तो आज अर्जाच्या परीक्षेतच लाभणे शक्य आहे; कारण मानक-बैठकींचे दप्तर उघडे आहे आणि ते पुरावा म्हणून ग्राह्य ठरले आहे. तिसरी, दप्तर उघडे असणे पुरेसे नाही. ते वाचण्यासाठी जुन्या शब्दांमागील वस्तू ओळखण्याची आणि त्या त्या दिवशीच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहण्याची दुहेरी शिस्त लागते.

ही शिस्त शिकविण्याचे काम इतिहासाचे विभाग पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत, आणि तंत्रविद्येचे विभाग ते क्वचितच करतात. थ्रीजीपीपीच्या संग्रहातील टिपणांना पुराभिलेखांचा दर्जा देऊन, एखाद्या कल्पनेची वंशावळ बैठकीबैठकीने लावणे, हा पदव्युत्तर प्रबंधास योग्य विषय आहे. तिसऱ्या पिढीतील उपावस्था चौथ्या पिढीत का वगळल्या गेल्या आणि पाचव्या पिढीत कोणाच्या आग्रहाने परतल्या, हा प्रश्न त्या दृष्टीने हाती घेण्याजोगा आहे. अशा प्रबंधाचा उपयोग ग्रंथालयाच्या भिंतींबाहेरही होईल. कारण कोणाचे देणे खरे आणि कोणाचे नाही, हे ठरविताना परीक्षकास तोच पुरावा लागणार आहे.